आईच्या वाढदिवसाची शोकसभा

"भाऊजी, तुम्ही लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला काहीच केलं नाहीत, हे काही बरं नाही," असं माझा मेहुणा भर जेवणाच्या टेबलावर म्हणाला, तेव्हा मी हातातला चमचा खाली ठेवला. कारण तो कार्यक्रम मी केला होता. चांगला हॉल घेऊन केला होता. आणि त्या हॉलमध्ये माझ्या शेजारी बसून तीनदा आइस्क्रीम मागून घेणारा गृहस्थ हाच होता.

मी उठून आल्बम आणला. त्याने फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, चष्मा काढून पाहिला. "शर्ट माझाच दिसतोय," शेवटी तो म्हणाला, "पण प्रसंग काही आठवत नाही." मग त्याने तो फोटो बायकोकडे दिला. तिला शर्टही आठवेना.

पुढच्या आठवड्यात मी आडून आडून आणखी काही जणांना विचारलं. दोघांना तो कार्यक्रम भलत्याच कुणाच्या तरी साखरपुड्याचा म्हणून आठवत होता. एकाला फक्त पार्किंग आठवत होतं. ऑफिसातल्या सहकाऱ्याने तर "बोलावलं असतंत तर नक्की आलो असतो" असं म्हणून माझ्याच जखमेवर माझ्याच डब्यातलं मीठ चोळलं.

मी सरकारी छापखान्यात मुद्रितशोधक आहे. आमच्या कामाचं असंच असतं. पान निर्दोष निघालं तर ते कुणी तपासलं हे कुणी विचारत नाही. एक वेलांटी चुकली की नाव गावभर होतं. अठ्ठावीस वर्षांत या अन्यायाची मला सवय झाली आहे. पण हाच नियम घरच्या कार्यालाही लागू व्हावा? मी त्याच दिवशी मनाशी ठरवलं की पुढचा कार्यक्रम असा करायचा, असा करायचा, की आलेला माणूस मरेपर्यंत विसरता कामा नये.

पुढचा कार्यक्रम समोरच होता. आईला पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत होती.

आता आईबद्दल थोडं सांगायला हवं. ती चौतीस वर्षं प्रसूतिगृहात परिचारिका होती. निवृत्त झाली, त्यानंतर चार वर्षांनी बाबा गेले, आणि तिने घराबाहेर पडणं हळूहळू बंद केलं. आधी बाजार सुटला, मग मैत्रिणी सुटल्या, मग जिनाच सुटला. गेली तीन वर्षं ती तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत बसते आणि समोरच्या बागेकडे पाहते. तब्येतीला काही झालेलं नाही. डॉक्टर म्हणाले, "हृदय माझ्यापेक्षा चांगलं आहे." तिला विचारलं तर म्हणते, "खाली काय ठेवलंय?" या प्रश्नाला मी तीन वर्षांत बरीच उत्तरं दिली. तिला एकही पटलं नाही.

म्हणून मी तिला सांगितलं, "आई, लांब जायचं नाही. समोरच्याच बागेत करू."

तिने खिडकीतून बागेच्या फाटकापर्यंतचं अंतर डोळ्यांनी मोजलं. मग म्हणाली, "तासभर बसेन. वर एक मिनिट नाही."

एवढ्या होकारावर मी खूश होऊन कामाला लागलो.

पहिली भेट एका बाईंची घेतली. त्यांच्या कार्डावर 'अनुभव-रचनाकार' असं छापलं होतं. मी सवयीने आधी कार्ड तपासलं. संयोगचिन्हही जागच्या जागी होतं. तिथेच मी निम्मा दिपून गेलो. त्यांचं ऑफिस म्हणजे एक पांढरी शुभ्र खोली, तीत एक टेबल, आणि माझ्यासाठी एक खुर्ची, जिच्यावर बसताच मी पुढे घसरू लागलो.

"घसरताय ना?" बाई हसून म्हणाल्या. "मुद्दाम तशी केली आहे. आता ही भेट तुम्ही विसरणार नाही."

मी पाय जमिनीत रोवून बसलो आणि त्यांच्याकडे आदराने पाहू लागलो.

"पाहुणा घरी जाताना तीन क्षण घेऊन जातो," त्या म्हणाल्या. "येण्याचा क्षण, शिखराचा क्षण आणि निरोपाचा क्षण. मधलं सगळं गळून पडतं."

"मधलं म्हणजे काय काय?"

"जेवण, भाषणं, यजमान."

"यजमानसुद्धा?"

"सगळ्यात आधी यजमान."

मला पंचविसाव्या वाढदिवसाचं सगळं कोडं उलगडलं. त्या दिवशी आमच्याकडे फक्त मधलंच होतं. बाईंनी मला कागदावर एक डोंगर काढून दिला, त्याच्या पायथ्याशी कमान, माथ्यावर झेंडा आणि पलीकडच्या उतारावर हात हलवणारी माणसं. पहिली भेट मोफत होती. त्यामुळे दुसरी भेट घ्यायची पाळी येऊ नये एवढ्या एकाग्रतेने मी सगळं लिहून घेतलं.

घरी येऊन तो डोंगर मी बायकोसमोर ठेवला. तिने तो दोनदा फिरवून पाहिला आणि म्हणाली, "शिखराचं माझ्यावर सोडा. आईंच्या हातावर जन्मलेली माणसं शोधून आणू. पडद्याआड उभी करू. आणि ऐनवेळी पडदा बाजूला."

मी थक्क झालो. पंचवीस वर्षं जिच्याबरोबर राहतो, तिच्या डोक्यात असलं काही असेल अशी मला शंकाही आली नव्हती. तिने हॉस्पिटलच्या जुन्या मंडळींना फोन लावले, एकाकडून दुसऱ्याचा नंबर काढला, आणि पंधरा दिवसांत अकरा माणसं जमवली. अकरा! त्यांत एक ट्रकचालक होता, एक न्यायालयातली टंकलेखिका होती, एक दातांचा डॉक्टर होता, आणि दोन जुळे भाऊ होते, जे एकमेकांशी बोलत नव्हते पण यायला तयार होते.

मग बागेची परवानगी. उद्यान विभाग एका लांबलचक इमारतीच्या टोकाला आहे. तिथल्या लिपिकापुढे मी अर्ज ठेवला. त्याने तो वाचला नाही, नुसता तोलला.

"वाढदिवस म्हणजे करमणूक," तो म्हणाला. "करमणुकीला आवाजाचा दाखला, अग्निशमनाचा दाखला आणि समितीची मान्यता."

"समिती कधी बसते?"

"सदस्य नेमले की बसेल."

"करमणूक नको मग. माझी आई कुणाची फारशी करमणूक करत नाही. 'इतर' मध्ये घाला."

"'इतर'मध्ये खुर्च्या मांडता येत नाहीत. इतर लोकांनी उभं राहायचं असतं."

मी हताश होऊन उभा राहिलो. त्याला माझी दया आली असावी. त्याने चष्मा कपाळावर सरकवला, जाडजूड नियमावली उघडली आणि तीत असं काही बोट फिरवलं की मला वाटलं, हा माणूस अंधारातही यातलं कलम शोधून काढील. आम्ही छापतो ती नियमावली. तिची शेवटची चार प्रुफं मी स्वतः तपासली आहेत. पण तिचा असा उपयोग होताना मी प्रथमच पाहत होतो.

"शोकसभा," तो म्हणाला. "कलम एकोणीस. खुर्च्या चालतात, ध्वनिक्षेपक चालतो, फुलं चालतात, कापडी पडदा चालतो. दाखला काही लागत नाही. परवानगी त्याच दिवशी."

"त्याच दिवशी कशी?"

"मरण थांबतं होय?"

"पण आमच्याकडे कुणी गेलेलं नाही!"

"अर्जात मृत्यूचा दाखला मागितलेला नाही," तो शांतपणे म्हणाला. "शोक मागितलाय. तो ज्याचा त्याने ठरवायचा."

मी सही करून टाकली. फक्त कागदावरचं आहे, कोण बघतंय, अशी मी माझी समजूत घातली. मुद्रितशोधकाने निदान कागदाला तरी क्षुल्लक समजायला नको होतं.

आमच्या वरच्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात. त्यांना सगळे 'तज्ज्ञ' म्हणतात. कशातले, हे अजून ठरायचं आहे. ते संध्याकाळी एक बाटली घेऊन आले. "कमान केलीत, उत्तम. पण वासाचं काय?" त्यांनी विचारलं. "माणूस चेहरा विसरतो, नाव विसरतो, उसनं घेतलेलं छत्री-पुस्तक तर हमखास विसरतो. वास विसरत नाही. हे गवती चहाचं तेल. मी डासांसाठी आणलं होतं. कमानीला लावा. पाहुण्याला दहा वर्षांनी कुठेही हा वास आला तरी तुमची आई आठवेल."

हे इतकं पटण्यासारखं होतं की कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी आम्ही दोघांनी मिळून अख्खी बाटली कमानीवर संपवली. कमान लाकडी होती, तीवर कागदी फुलं. तेल छान मुरलं. दहाच्या सुमारास पाच-सहा मधमाश्या कमानीभोवती घिरट्या घालू लागल्या. काही आत शिरत, काही बाहेर येत, जणू मापं घेत होत्या.

"बघा," तज्ज्ञ म्हणाले. "कागदी फुलं त्यांना खरी वाटतायत. निसर्गाची पावती!"

मी कौतुकाने त्या माश्यांकडे पाहत राहिलो. दुपारपर्यंत त्या पन्नास-साठ झाल्या होत्या.

पावणेचारला मी आईचा हात धरून तिला जिन्याने खाली आणलं. तीन वर्षांनी. तिने प्रत्येक पायरी नीट पाहून घेतली, जणू मधल्या काळात कुणी बदलली असेल. रस्ता ओलांडून आम्ही बागेच्या फाटकाशी आलो आणि तिथे मला तो फळा दिसला.

फाटकावरच्या रखवालदाराने परवान्यावरून खडूने लिहिलं होतं: 'आज ४ ते ६. शोकसभा.' खाली आईचं पूर्ण नाव. आणि नावाच्या आधी, पदरचं घालून, 'कै.'

एक अक्षर आणि एक टिंब. अठ्ठावीस वर्षांत एवढी मोठी चूक माझ्या डोळ्यांखालून गेली नव्हती.

"पुसा ते!" मी ओरडलो.

"फळ्याची नोंद झालीय," रखवालदार म्हणाला. "आता सहानंतरच पुसता येतो."

मी आईला आडोसा करायला गेलो, पण तिने मान काढून सगळं वाचलं. 

"शुद्धलेखन बरोबर आहे," ती म्हणाली आणि आत गेली.

रचनाकार बाईंच्या डोंगराप्रमाणे पाहुण्याला पहिल्याच क्षणी आई भेटायला हवी होती, म्हणून मी तिची खुर्ची बरोबर कमानीखाली मांडली होती. मागे दोन झाडांच्या मधे पांढरा पडदा. पडद्याआड अकरा माणसं, चिडीचूप. पाहुणे मात्र फळा वाचून येत होते. कुणी आवाज खाली आणलेला, कुणी रुमाल बाहेर काढलेला. मेहुण्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि जड आवाजात विचारलं, "कधी?" बाबांची चुलतबहीण, आमची आत्या, फाटकापासूनच रडत आली. माझ्या गळ्यात पडली. "अरे, परवाच बोलले रे तिच्याशी! कशी गेली?"

"चालत आली," मी म्हणालो. दुसरं काही सुचलंच नाही.

आत्याने वर पाहिलं, समोर आई बसलेली. आत्या होती तिथेच मटकन बसली.

"मीच आहे," आई म्हणाली. "ऊठ. कुणी तरी हिला पाणी द्या."

साडेचारपर्यंत सत्तरएक माणसं जमली. निम्मी हसत होती, निम्म्यांना आता हसावं की नाही ते कळत नव्हतं. मी ध्वनिक्षेपकापाशी जाऊन स्वागताचं भाषण काढलं, तेवढ्यात घूं असा आवाज येऊ लागला. यंत्र घरघरतंय असं वाटून मी बटण बंद केलं. आवाज चालूच राहिला. मी तार उपटली. आवाज वाढला.

मग कुणी तरी वर बोट दाखवलं.

झाडांच्या शेंड्यांवरून आभाळाचा एक तुकडा बारीक ठिपक्यांनी भरून येत होता. यंत्रावर शाई सांडून कोरा कागद काळवंडावा, तसं. ठिपके फिरत होते, प्रत्येक आपापल्या वाटेने, आणि तरीही सगळे मिळून एकाच दिशेने सरकत होते. तो ढग बागेवर आला, खाली उतरला, आमच्या डोक्यांवरून, कानांवरून, खुर्च्यांच्या मधून गेला. हवा नुसती मधमाश्यांची झाली होती. मला समोरचा माणूस दिसेना. आवाज कानांत नव्हे, छातीत ऐकू येत होता. आयुष्यात एवढं काही मी पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगतो, भीती वाटायचंही मला सुचलं नाही.

"पळा!" तज्ज्ञ ओरडले. "आग पेटवा! पाणी मारा! आडवे पडा!"

"कुणीही हलायचं नाही."

हा आवाज कुठून आला ते मला कळेना. मोठा नव्हता. पण सत्तर माणसं जागच्या जागी थांबली. तज्ज्ञांचा वर गेलेला हात वरच राहिला.

"घाई नाही," तो आवाज म्हणाला. "खोल श्वास घ्या. हळू सोडा. हात खाली. मी इथेच आहे. सगळं नीट होणार आहे."

तो आईचा आवाज होता. घरात मी तो कधी ऐकला नव्हता. घरातली आई 'दिवा बंद कर', 'चहा झालाय', 'खाली काय ठेवलंय' एवढंच बोलते. हा आवाज प्रसूतिगृहातला होता. चौतीस वर्षं हजारो बायकांनी आयुष्यातल्या सगळ्यात अवघड तासाला तो ऐकला होता. मी मात्र तेव्हा शाळेत असायचो.

माश्या कमानीवर उतरू लागल्या. आधी मुठीएवढा पुंजका, मग डोक्याएवढा, मग एकमेकींना धरून धरून एक लांब लोंबता घोस झाला, आईच्या डोक्याशेजारी वीतभर अंतरावर. त्याचं टोक तिच्या शालीला टेकलं होतं. शालीवरही शे-दोनशे फिरत होत्या. कागदी फुलं पार झाकून गेली.

आई मान न हलवता डोळे वर करून पाहत होती. आणि तिचं तोंड किंचित उघडं होतं. माझ्या आईला आश्चर्य वाटलेलं मी प्रथमच पाहिलं. लहान मुलीसारखी दिसत होती.

"केवढ्या आहेत रे," ती पुटपुटली. "आणि कुणी कुणाला ढकलत नाहीये."

बागेचा माळी हलक्या पावलांनी आला. "चावायच्या नाहीत," तो कुजबुजला. "घर सोडून निघाल्यात. राणीभोवती बसल्यात विसाव्याला. फक्त डिवचू नका. पेट्या ठेवणारी एक बाई आहे माझ्या ओळखीची, तिला बोलावतो."

ती येईस्तोवर पाऊण तास गेला. कुणी हललं नाही. मधेच पडद्याची कड बाजूला झाली आणि ट्रकचालकाचं भलंमोठं डोकं बाहेर आलं. आत त्या अकरा जणांना नुसतं घोंघावणं ऐकू येत होतं, पुढे काय चाललंय ते दिसत नव्हतं. टाळ्यांची वाट पाहून त्यांचे पाय भरून आले होते. त्याने समोरचं दृश्य पाहिलं आणि चवड्यांवर चालत आईसमोर येऊन उभा राहिला.

"मी... तुमच्या हातावर जन्मलो," तो दबल्या आवाजात म्हणाला.

आईने मान तशीच ठेवून त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "वजन किती?"

"आता?"

"जन्मताना."

"नऊ पौंड, म्हणे."

"पायाळू," आई म्हणाली. "त्या रात्री छळलंस आईला. कशी आहे?"

"बरी आहे," तो म्हणाला, आणि एवढा थोरला माणूस हमसून रडू लागला. आवाज न करता. माश्यांमुळे.

मग एकेक जण चवड्यांवर येऊ लागला. कमानीखाली येऊन उभं राहायचं, कुजबुजत सांगायचं, बाजूला व्हायचं. जुळे भाऊ आले. आई म्हणाली, "धाकटा कोण? तू? अकरा मिनिटं वाट पाहायला लावलीस." यावर थोरला धाकट्याकडे पाहून हसला. बायकोने ठरवलेला पडदा कुणी ओढलाच नाही. ती माझ्याजवळ उभी होती. तिने माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं बधिर झाली.

पेट्या ठेवणारी बाई स्कूटरवरून आली. पायदानावर लाकडी पेटी. तिने तोंडावर जाळी घेतली नाही, हातमोजे घातले नाहीत. कमानीजवळ येऊन तिने वास घेतला आणि थबकली.

"गवती चहाचं तेल कुणी लावलं?"

मी तज्ज्ञांकडे पाहिलं. तज्ज्ञ झाडाकडे पाहू लागले.

"आम्ही रिकाम्या पेटीला दोन थेंब लावतो," ती म्हणाली. "वाटेवरच्या माश्यांना बोलवायला. इथे किती लावलंय?"

"बाटली," मी म्हणालो.

"मग आल्या त्यात नवल नाही. आमंत्रणच होतं ते."

माझ्या उभ्या आयुष्यातलं, नीट पोचलेलं एकमेव आमंत्रण.

ती आईला म्हणाली, "आजी, तुम्ही हळूच उठून बाजूला बसा."

"लांब नाही हं," आई म्हणाली. "मला दिसलं पाहिजे."

बाईने तिच्या शालीवरच्या माश्या एका पिसाने अलगद सारल्या. आई उठली आणि दोन पावलांवर बसली. मी घड्याळ पाहिलं. "आई, तास होऊन गेला."

"गप्प बस," आई म्हणाली.

पांढरा पडदा काढून जमिनीवर अंथरला. एका टोकाला पेटी, तिचं तोंड उघडं. बाईने कमानीला एकच हिसका दिला. धप्प! वीस हजार माश्या कापडावर पडल्या, सांडलेल्या काकवीसारख्या पसरल्या. क्षणभर नुसता गोंधळ. मग काही माश्या पेटीच्या दाराशी गेल्या, शेपट्या वर केल्या आणि पंखांनी वारा घालू लागल्या.

"बाकीच्यांना कळवतायत," बाई म्हणाली. "घर मिळालं म्हणून."

आणि त्या निघाल्या. चालत. सगळ्या एका दिशेने, कापडाच्या पांढऱ्यावरून, काळ्या-सोनेरी ओढ्यासारख्या पेटीच्या दाराकडे. उडता येत असूनही चालत. सत्तर माणसं वाकून, माना घालून, श्वास धरून पाहत उभी होती. आत्या, मेहुणा, टंकलेखिका, तज्ज्ञ, सगळे. "ती बघा, राणी," बाईने बोट दाखवलं. एक लांबट माशी घाईघाईने इतरांच्या पाठींवरून दारात शिरली. आईने तोंडावर हात ठेवला.

नेमका त्या वेळी उद्यान विभागातला तो लिपिक तपासणीला आला.  तो फाटकात थांबला. समोर सत्तर माणसं, सगळ्यांच्या माना खाली, काहींचे डोळे ओले, मधे पांढऱ्या कापडाच्या टोकाशी एक लाकडी पेटी. त्याने टोपी काढली. पुढे येऊन शेवटच्या रांगेत दोन मिनिटं स्तब्ध उभा राहिला. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "इतकी शिस्तीतली सभा मी पाहिली नाही. तुम्हाला अंधार पडेपर्यंत मुदत वाढवून देतो." आणि निघताना आईसमोर हात जोडून म्हणाला, "धीर धरा."

"धरलाय," आई म्हणाली.

अंधारून येईपर्यंत कुणीही घरी गेलं नाही. हिंडून येणाऱ्या शेवटच्या माश्या परत येऊन पेटीत शिरेपर्यंत थांबायचं असतं, असं बाईने सांगितलं होतं. केक कापायचा राहिला. भाषण खिशात राहिलं. जुळे भाऊ एकाच बाकावर बसून होते. शेवटी पेटीचं दार जाळीने बंद झालं आणि बाई निघाली, तेव्हा आई म्हणाली, "कुठे ठेवणार?"

"माझ्या परसात. तळ्याच्या रस्त्याला, पिवळ्या भिंतीचं घर."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी करत होतो. बायकोने हाक मारली, "अहो, बाहेर या." आई दारात उभी होती. चपला घातलेल्या, केस विंचरलेले. "तुझं आटपतंय की मी एकटी जाऊ?" तिने विचारलं.

अर्ध्या तोंडाला साबण तसाच ठेवून मी तिच्यामागे निघालो. तळ्याच्या रस्त्यापर्यंत वीस मिनिटं लागली. वाटेत ती तीनदा थांबली, पण दमून नव्हे. एकदा एका दुकानाची नवी पाटी वाचायला, एकदा कुणाला तरी ओळखायला, आणि एकदा मी मागे राहिलो म्हणून.

परसात सात-आठ पेट्या होत्या. आमची कोपऱ्यातली. बाईने खूण केली, बाजूने या, दारासमोरून नको. आई पेटीशी गेली, वाकली, एक हात लाकडावर ठेवला आणि कान लावला. डोळे मिटले. बराच वेळ ती तशीच होती. असं कान लावून पोटातल्या बाळाचे ठोके ऐकताना ती हजारो वेळा वाकली असेल, आणि मी ते एकदाही पाहिलं नव्हतं.

"ये," ती म्हणाली. "ऐक."

मी दुसऱ्या बाजूने कान लावला. "काही ऐकू येत नाही."

"लगेच नाही येत. आधी तुझंच ऐकू येतं. ते सोड. मग मागचं ऐक."

मी वाट पाहिली. माझ्या कानातली धडधड होती. मग तिच्यामागे, फार खोल, एक सलग, ऊबदार घुमणं सुरू झालं, किंवा आधीपासून चालूच होतं आणि मला आत्ता पोचलं. लाकूड गालाला बारीक थरथरत होतं. आईचा चेहरा माझ्यासमोर वीतभर अंतरावर होता.

तेवढ्यात एक माशी माझ्या मानेवर येऊन बसली आणि चावली. आदल्या दिवशी वीस हजारांतली एकही कुणाला चावली नव्हती. डोळ्यांत पाणी आलं, पण मी हललो नाही. आई ऐकत होती.